साखरपुड्याची अंगठी: होणाऱ्या सासऱ्यांनी माझ्यासाठी कर्ज काढू नये, कसं सांगू?

खाडीकाठ (देवगड)

नमस्कार मंडळी. मार्गशीर्षात माझा साखरपुडा ठरलाय. घरची चाळीसेक हापूसची कलमं आहेत. पण त्यांच्यावर वर्ष निघत नाही, म्हणून मी इन्व्हर्टर बसवणं, विहिरीच्या पंपाची कामं, घरांचं वायरिंग असं सगळं करतो. मुलगी ग्रामीण रुग्णालयात परिचारिका आहे. माहेर कणकवलीच्या पुढे. तिचे बाबा एसटीत वाहक होते, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. हातात आले ते पैसे थोरल्या मुलीचं लग्न आणि घराचं छप्पर यात गेले. आता पेन्शन येते ती भविष्य निर्वाह निधीवाली, तिच्यात महिन्याचा किराणाही पुरता होत नाही.

बैठकीत देण्याघेण्याचं काही बोलायचं नाही असं आमचं घरात ठरलं होतं. पण उठता उठता माझी आत्या बोलून गेली, "आमच्या झिलांक तोळ्याच्या खाली आंगठी येना नाय." बाबांनी लगेच विषय बदलला. तरी शब्द जायचा तिथे गेलाच. समोर तिचे बाबा नुसतं "होय, होय" म्हणाले, आणि चहाचा कप खाली ठेवताना त्यांचा हात थरथरला. तो मला दिसला. तेव्हापासून जेवण गोड लागत नाही.

परवा ती फोनवर दुसरंच काही सांगत होती. त्यात सहज बोलून गेली की बाबा पतपेढीत जाऊन आले. आईच्या पाटल्या सोनेतारण ठेवून माझी अंगठी करणार आहेत. तिने तक्रार म्हणून सांगितलं नाही. त्यांच्या घरात हे असंच चालतं, असा सूर होता. मी फोन ठेवला आणि कलमांत जाऊन बसलो.

आजच्या भावाने तोळ्याची अंगठी लाखाच्या वर जाते. आणि ती मी घालणार कधी? मी कामावर बोटात काहीच घालत नाही. माझ्याबरोबर काम शिकलेल्या एका मुलाच्या बोटात अंगठी होती. बॅटरीचं टर्मिनल आवळताना पाना एका टोकावर होता, तो दुसऱ्या टोकाला अंगठीतून भिडला. बॅटरी बाराच व्होल्टची, पण करंट एवढा की अंगठी क्षणात लाल झाली. ती काढायलाही जमेना. त्याच्या बोटाभोवती आजही पांढरा वळ आहे. म्हणजे ज्या अंगठीसाठी त्या माउलीच्या पाटल्या पतपेढीच्या तिजोरीत जाणार, ती अंगठी माझ्या कपाटात पडून राहणार.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, "अंगठी नको" किंवा "हलकी करा" हे त्यांचा मान न दुखवता कसं सांगावं? दोन, तिच्यासाठी मी ६०,००० बाजूला ठेवलेत, सगळे कामाचे. आंब्याचे पैसे एप्रिलशिवाय येत नाहीत आणि व्यापाऱ्याकडून आगाऊ उचल मला करायची नाही. एवढ्यात चांगली अंगठी कशी निवडावी? तीन, मुंबईचा मित्र म्हणतो हिरा घे, दोन महिन्यांचा पगार घालायचा नियमच आहे. असा नियम खरंच असतो का?

तिला काय आवडतं ते विचारलं. म्हणाली, "तुम्ही घ्याल ती." यापुढे ती काही सांगत नाही.

कसोटी (सावंतवाडी)

मी सव्वीस वर्षं सराफी पेढीवर बसतो. मानाचं सांगायला माझ्यापेक्षा जाणती माणसं इथे आहेत. मी हिशेबाचं सांगतो, कारण हिशेब स्वच्छ मांडला की निम्मं बोलणं आपोआप होतं.

आधी एक खुलासा करून घ्या. आत्याबाई कोणता तोळा म्हणतात? जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. आज पेढीवर तोळा म्हणजे १० ग्रॅम. एका बाजूच्या डोक्यात जुना आणि दुसऱ्या बाजूच्या डोक्यात नवा, एवढ्यावरून ऐन कार्यात रुसवे झालेले मी पाहिलेत.

भाव रोज हलतो, म्हणून सोपं जावं यासाठी २२ कॅरेटचा ग्रॅमचा दर १०,००० धरतो. मजुरी १२ टक्के धरू. १० ग्रॅमच्या अंगठीचं सोनं १,००,०००, मजुरी १२,०००, दोन्हींवर ३ टक्के जीएसटी ३,३६०. हॉलमार्कचे नगाला ४५ रुपये, त्यावर १८ टक्के कर. झाले १,१५,४१३. तीच अंगठी ४ ग्रॅमची केली तर सगळं मिळून ४६,१९७. फरक ६९,००० च्या वर. खऱ्या दराने तुम्ही मांडाल तेव्हा तो आणखी मोठा दिसेल. आणि साधं गोल वेढं घेतलंत, नक्षी नाही, खडा नाही, तर मजुरीत घासाघीस करायला पुष्कळ वाव असतो. मोडताना मजुरी आणि कर कधीच परत येत नाहीत, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला विकण्याआधी सांगतो.

पुरुषाच्या बोटाला ४ ग्रॅमचं वेढं बारीक दिसत नाही. रुंदी तीन-चार मिलिमीटर ठेवा. पण आतून पोकळ घेऊ नका. पोकळ अंगठी दिसते भरीव, पण चेपली की दुरुस्त होत नाही.

आता तिची. परिचारिका आहे म्हणता, तर उंच उभ्या काट्यांत बसवलेला खडा डोक्यातून काढून टाका. हातमोजे चढवताना काटा अडकतो, मोजा फाटतो, आणि खड्याखालच्या खाचांत मळ साठतो. तिच्या कामात हे दोन्ही चालणार नाही. खडा हवाच असेल तर सोन्यात पूर्ण बुडवून, वरून बोट फिरवलं तरी लागणार नाही असा बसवून घ्या. खड्याची अंगठी १८ कॅरेटमध्ये करतात, कारण २२ कॅरेट मऊ असतं, खडा सैल पडतो. बिनखड्याची असेल तर २२ कॅरेट उत्तम.

बिलावर तीन गोष्टी बघा. ग्रॉस वजन (खड्यासकट) आणि नेट वजन (नुसत्या सोन्याचं) वेगळं लिहिलेलं हवं. खड्याचं वजन सोन्याच्या भावाने लावलेलं नसावं. सोन्याचं कॅरेट म्हणजे शुद्धता, हिऱ्याचं कॅरेट म्हणजे वजन; एक कॅरेट हिरा म्हणजे ०.२ ग्रॅम, दिसायला एवढासा, पण सोन्यात मोजला तर पैसे जातात. दुसरं, मजुरी टक्क्यात आहे की ग्रॅमला आहे, आणि त्याशिवाय "घट" (घडवताना वाया जाणारं सोनं) म्हणून वेगळी रक्कम लावली आहे का. तिसरं, अंगठीच्या आतल्या बाजूला बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) चिन्ह, शुद्धतेचा आकडा (२२ कॅरेटला ९१६, १८ ला ७५०) आणि सहा अक्षरांचा एचयूआयडी, म्हणजे त्या एकाच दागिन्याचा ओळख क्रमांक. १ एप्रिल २०२३ पासून एचयूआयडी नसलेला हॉलमार्कचा दागिना दुकानदाराला विकता येत नाही. तो नंबर बीआयएस केअर अॅपमध्ये दुकानात उभं राहूनच टाका. दागिना कुठल्या शुद्धतेचा, कुठल्या केंद्रात तपासला, सगळं समोर येतं. नाजूक अंगठी २ ग्रॅमच्या आत गेली तर हॉलमार्कची सक्ती नाही. म्हणून २ च्या थोडी वरच घ्या.

माप सकाळी घेऊ नका. सकाळी बोट बारीक असतं, दिवसभराच्या कामाने आणि उकाड्याने फुगतं. संध्याकाळी घ्या, आणि पेर ओलांडून अंगठी यायला हवी हे विसरू नका. दोऱ्याने घेतलेलं माप नेहमी फसवतं.

चाकरमानी (डोंबिवली)

दोन महिन्यांच्या पगाराचा नियम म्हणजे डी बीअर्स या हिऱ्यांच्या कंपनीच्या जाहिराती. १९३० च्या दशकात त्या एका महिन्याचा पगार म्हणत होत्या, १९८० च्या दशकात दोन महिन्यांचा म्हणू लागल्या. आपल्या गावाशी त्याचा काही संबंध नाही. मी मात्र या नियमापायी क्रेडिट कार्डावर हप्ते लावून हिरा घेतला आणि लग्नानंतरही ते फेडत होतो. तुम्ही बाजूला ठेवलेल्या ६०,००० च्या पुढे जाऊ नका.

हिरा आवडत असेल तर प्रयोगशाळेत वाढवलेला बघा. तोही कार्बनच, कठीणपणाही तोच, नैसर्गिकपेक्षा बराच स्वस्त. फक्त परत विकताना हाती फारसं काही येत नाही, हे धरून चाला. आणि प्रमाणपत्र मागा.

अबोली (रत्नागिरी)

भाऊ, तुमचं वाचून माझ्या वडिलांचा चेहरा समोर आला.

आपल्याकडे साखरपुडा म्हणजे मुळात वाङ्निश्चय. शब्द द्यायचा, नारळ-विडा द्यायचा, साखरेचा पुडा मुलीच्या ओटीत घालायचा. अंगठी त्या विधीत कुठेच नव्हती, ती नंतर आली. हे आत्याबाईंना तुमच्याच घरच्या भटजींनी सांगितलं तर बरं. तुम्ही सांगाल तर उद्धटपणा वाटेल.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते सासऱ्यांकडे नाहीच. ते तुमच्या घरात आहे. मुलीच्या बापाला "नको" म्हणून काही उपयोग नाही. तो "हे संकोचाने म्हणतात" असंच धरतो आणि गुपचूप करतो. माझ्या वडिलांनी तेच केलं. माझ्या लग्नात सासरच्यांनी खरंच काही मागितलं नव्हतं, तरी बाबांनी भात लावायची दळ विकली. मला सहा वर्षांनी कळलं. नवऱ्याला कळलं तेव्हा तो रडला. तोळा तुमच्या आत्यांच्या तोंडून निघालाय, तर तो परत घ्यायलाही तुमच्याच घरातलं मोठं माणूस जायला हवं. तुमचे वडील जाऊ देत. आधी घरात पक्कं करा, मग कणकवलीला जा. आणि तिने विश्वासाने जे सांगितलं त्याचा उल्लेख कुणाकडेही करू नका. पाटल्यांचा शब्दही तोंडात नको. तिच्या आईला ते सहन होणार नाही.

तीन लेकींचा बाबा (दापोली)

अरे, अबोलीताईंचं बरोबर आहे, पण एक गोष्ट बापाच्या बाजूने ऐक.

माझ्या थोरलीच्या सासरचे म्हणाले, आम्हाला काही म्हणजे काही नको. बोलणारे सज्जन होते. पण साखरपुड्यात त्यांनी माझ्या मुलीच्या बोटात अंगठी घातली, आणि माझी पाळी आली तेव्हा माझ्या हातात काहीच नव्हतं. पन्नास माणसांसमोर मी उगीच जावयाच्या पाठीवर हात ठेवला. आज बारा वर्षं झाली, तो क्षण गेलेला नाही. मधलीच्या वेळी जावई स्वतः माझ्याबरोबर दुकानात आला, त्याने ३ ग्रॅमचं वेढं निवडलं आणि पैसे मला देऊ दिले. खर्च मला झेपला, आणि हात रिकामा राहिला नाही.

म्हणून "नको" म्हणू नकोस. "हलकी करा" असंही म्हणू नकोस, त्याचा अर्थ "तुम्हाला परवडणार नाही" असा होतो. तुझ्या कामाचं कारण खरं आहे, तेच सांग. आणि बिल त्यांना देऊ दे. चोरून त्यांच्या वतीने पैसे भरायचा विचार मनात आला असेल तर काढून टाक.

खाडीकाठ (देवगड)

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, शेवटचं वाक्य वाचून मी दचकलो. मी खरंच तोच विचार करत होतो. दुकानदाराला आधी भेटून निम्मे पैसे देऊन ठेवायचे असं मनात होतं. तो सोडून दिला.

काय झालं ते लिहितो. आधी घरात बोललो. कसोटी यांनी मांडलेला हिशेब कागदावर काढून बाबांसमोर ठेवला. त्यांनी दोनदा वाचला आणि म्हणाले, "सहा ग्रॅमापायी माणसाक कर्जात घालूचा नाय." आत्याला मात्र पटलेलं नाही. तिच्या लग्नात आजोबांनी तिच्या नवऱ्याला तोळ्याची अंगठी घातली होती आणि त्यासाठी फणसाची दोन मोठी झाडं तोडून विकली होती. ते तिने आयुष्यभर अभिमानाने सांगितलंय. आता आपण त्यालाच चूक म्हणतो आहोत असं तिला वाटतं. भटजींकडूनही सांगून पाहिलं. ती अजून माझ्याशी नीट बोलत नाही. तिला दुखवायचं नव्हतं, पण इथे मला मागे येता येणार नाही.

रविवारी बाबा आणि मी कणकवलीला गेलो. बाबांनी सुरुवातीलाच सांगितलं, "बैठकीत जो शब्द निघालो तो आमच्या घराचो नव्हतो, तो मी परत घेतंय." सासरे घाईघाईने "तसं काय नाय" म्हणू लागले. मग मी माझ्या कामाचं सांगितलं. बॅटरी, पाना, त्या मुलाचं भाजलेलं बोट. बोलता बोलता माझा हात पुढे केला आणि म्हटलं, या बोटात जे येईल ते मला संध्याकाळी घरी आल्यावर सहज घालता यावं आणि सकाळी सहज काढता यावं, एवढंच हवं.

ते बराच वेळ माझ्या हाताकडे बघत राहिले. मग म्हणाले, मी पण कधी अंगठी घातली नाही. त्यांच्या सुरुवातीच्या दिवसांत गाडीच्या टपावर सामान चढवायचं असे, मागे लोखंडी शिडी. सोबतचा एक वाहक टपावरून उडी मारून उतरला, अंगठी शिडीच्या खिळ्यात अडकली आणि बोट तिथेच राहिलं. त्यानंतर डेपोतल्या कित्येकांनी अंगठ्या काढून ठेवल्या. हे त्यांनी तिलाही कधी सांगितलं नव्हतं. ती दारात उभी राहून ऐकत होती.

मग तेच म्हणाले, चार ग्रॅमचं वेढं, साधं. बिल मी देणार. त्यासाठी त्यांनी पोस्टात थोडे पैसे ठेवले आहेत, तेवढ्यात बसतं. पतपेढीचं मी काढलं नाही, त्यांनीही काढलं नाही. रात्री तिचा मेसेज आला की आई पाटल्या घालून झोपली आहे.

दोन्ही अंगठ्या एकाच दिवशी, एकाच दुकानात घेतल्या. सासरे तराजूसमोर बसले होते. सहा अक्षरी नंबर त्यांनी स्वतः चष्मा काढून वाचला आणि मला अॅपमध्ये टाकायला लावला. तिकिटांचे नंबर तीस वर्षं तपासलेला माणूस, एक अक्षर चुकलं नाही. तिची अंगठी २२ कॅरेटची, ३.४ ग्रॅम, बिनखड्याची, कडा आतून-बाहेरून गोल केलेल्या. दुकानात तिने खिशातून हातमोजा काढला, अंगठीवर चढवला, मूठ उघडली-मिटली, आणि मग "हीच" म्हणाली. मी तिला महिनाभर विचारत होतो, तेव्हा "तुम्ही घ्याल ती" म्हणणारी हीच. माझ्या ६०,००० मधून उरलेले तिने मला साखरपुड्याच्या जेवणाला ठेवायला सांगितले. हिरा घेतला नाही. सासूबाई म्हणत होत्या की हिरा सगळ्यांनाच मानवत नाही, त्यांचंही मन राहिलं.

एकच विचारायचं राहिलं. अंगठ्या अजून दुकानातच आहेत, आतून अक्षरं कोरायची आहेत. तीन-साडेतीन मिलिमीटर रुंदीत देवनागरी नाव वाचता येईल का? की नुसती तारीख घालावी?

कसोटी (सावंतवाडी)

वाचता येतं. लेझरवर कोरून घ्या. जोडाक्षरं असतील तर आधी कागदावर खऱ्या मापात छापून बघा, रफार आणि वेलांट्या एकमेकांत जाऊ नयेत. एचयूआयडीच्या खुणेवर अक्षर येऊ देऊ नका.

आणि अक्षरं तळाच्या मधोमध नकोत, थोडी बाजूला घाला. तुमचं हातकाम आहे, तिचंही. बोटं बदलतात, आठ-दहा वर्षांनी माप वाढवावं लागतं, आणि तेव्हा अंगठी तळालाच कापून तुकडा जोडतात.

खाडीकाठ (देवगड)

समजलं. उद्या दुकानात फोन करून तसंच सांगतो.